शिडाच्या कॅटामरानवर राहायला जाताना: नवख्यांसाठी रोजच्या कामांचे आणि कटकटींचे मार्गदर्शन

एका हलची, म्हणजे पाण्यात बसणारे धड एकच असलेली, शिडाची नौका वारा वाढला की कलते. उभे राहणे अवघड होते, भांडी खणखणू लागतात आणि शीड लहान करण्याची वेळ झाली आहे हे कोणी वेगळे सांगावे लागत नाही. दोन हलांची कॅटामरान मात्र वारा बराच वाढला तरी जवळजवळ सपाट राहते. याच सुखासाठी लोक ती घेतात, आणि नवख्यांच्या बहुतेक अडचणीही याच सुखातून निघतात. कारण जी नौका ताण पडत असूनही कुरकुरत नाही, तिच्यावर काय चालले आहे हे अंगाच्या अंदाजाने कळत नाही, आकडे पाहून आणि ठरावीक सवयी लावून घेऊनच ओळखावे लागते. नौका हाती आल्यापासून पहिला लांब टप्पा पार पडेपर्यंत कामे साधारण ज्या क्रमाने समोर येतात, त्याच क्रमाने पुढील सूचना दिल्या आहेत. 11 ते 14 मीटर लांबीची आणि दोन ते चार माणसांनी चालवायची नौका येथे गृहीत धरली आहे.

1. सामान चढवण्यापूर्वी वजनाचा हिशेब

प्रवासी कॅटामरानच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे भरीव वजन नसते. तिचे स्थैर्य दोन हलांमधल्या अंतरातून येते आणि वेग त्या हलांच्या सडपातळपणातून. सडपातळ हल जास्त वजनाने लवकर खाली बसतात. 12 मीटरची नौका आणखी एक सेंटिमीटर बुडायला साधारण 200 किलो पुरतात. हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण 10 मिलिमीटर जाडीची नांगराची साखळी मीटरला सुमारे 2.3 किलो भरते, म्हणजे 80 मीटर साखळीचेच जवळजवळ 185 किलो झाले. त्यात 600 लिटर पाणी, 400 लिटर डिझेलचे सुमारे 340 किलो, डिंगी म्हणजे किनाऱ्यावर ये-जा करण्याची छोटी होडी, तिचे इंजिन, हत्यारे, सुटे भाग आणि महिन्याचा शिधा धरला की निर्मात्याने ठरवून दिलेली भारक्षमता कधी संपली हे कळतही नाही.

जादा वजनाचा परिणाम केवळ वेगावर होत नाही. दोन हलांना जोडणाऱ्या मधल्या भागाचा तळ, ज्याला ब्रिजडेक म्हणतात, तो पाण्याच्या जवळ येतो आणि समोरून येणाऱ्या लाटा त्यावर खालून आपटू लागतात. हा तडाखा पहिल्यांदा ऐकणाऱ्याला नौका खडकावर चढली असेच वाटते. थोडेफार आपटणे प्रत्येक कॅटामरानवर होते आणि दिशा दहा-पंधरा अंश बदलून किंवा वेग उतरवून ते कमीही करता येते. पण ओव्हरलोड नौकेवर ते रोजचेच होऊन बसते आणि झोपेचे खोबरे होते.

म्हणून सामान चढवण्यापूर्वी नौका रिकामी असताना पाण्याची रेषा कोठे येते याची खूण चारही कोपऱ्यांवर करून ठेवावी. जड वस्तू नौकेच्या मध्याजवळ आणि शक्य तितक्या खाली ठेवाव्यात. नाळेकडचे, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाकडचे, मोठे कप्पे फार मोह घालतात, पण तेथे ठेवलेला प्रत्येक किलो नौकेची नाळ लाटेत खुपसतो. तेथे फेंडर (धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला लटकवायच्या हवेच्या उशा), दोर आणि गुंडाळलेली हलकी शिडे यांपलीकडे काही ठेवू नये. सहा महिन्यांतून एकदा सगळे कप्पे उघडून पाहावेत आणि या काळात ज्याला हात लागला नाही, पण जे सुरक्षिततेसाठी आवश्यकही नाही, ते उतरवून द्यावे.

2. दोन इंजिनांशी ओळख

धक्क्याला लागणे हे नवख्याला सगळ्यात भीतीदायक वाटते आणि प्रत्यक्षात ते कॅटामरानवर तुलनेने सोपे असते. दोन्ही इंजिने एकमेकांपासून पाचेक मीटर दूर असल्यामुळे एक पुढे आणि एक मागे चालवून नौका जागच्या जागी फिरवता येते. त्या वेळी सुकाणू मध्यावर ठेवून त्याला हात लावू नये. अडचण असते ती वाऱ्याची. उंच केबिन, रुंद बाजू आणि उथळ तळ यांमुळे आडवा वारा नौकेला सहज ढकलून नेतो. शिवाय सुकाणूजवळ उभ्या असलेल्या माणसाला पलीकडच्या हलचा कोपरा दिसत नाही, म्हणून त्या कोपऱ्यावर उभ्या असलेल्या सोबत्याने अंतर मीटरमध्ये आणि मोठ्याने सांगावे. "थोडे राहिले" या शब्दांचा कोणालाच उपयोग होत नाही. मोकळ्या पाण्यात एखादे बोये समोर धरून वारा प्रत्येक बाजूने घेत हा सराव आधी करावा. सुमारे सात मीटर रुंदीच्या नौकेला मरिनामध्ये, म्हणजे खासगी नौकांच्या बंदरात, जागा कमी मिळते आणि अनेक ठिकाणी भाडे जास्त पडते, हे अंदाजपत्रकात धरून ठेवावे.

दोन इंजिने म्हणजे सगळीच देखभाल दोनदा: तेल, डिझेलचे फिल्टर, इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी खेचणारे रबरी इम्पेलर, पट्टे आणि खाऱ्या पाण्यात इतर धातूंऐवजी स्वतः झिजणारे झिंकचे तुकडे. इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी पडत आहे ना, हे प्रत्येक वेळी पाहावे. पाणी पडत नसेल तर इंजिन लगेच बंद करून आधी समुद्राच्या पाण्याची झडप उघडी आहे का, मग गाळणीत शेवाळ किंवा प्लास्टिक अडकले आहे का आणि शेवटी इम्पेलरची पाती तुटली आहेत का, असे पाहत जावे. तुटलेल्या पात्यांचे तुकडे पुढे उष्णता-विनिमयकात जाऊन बसतात. ते मोजून सगळे बाहेर काढल्याशिवाय काम पूर्ण झाले असे समजू नये. लांबच्या प्रवासात वारा पडला तर एकाच इंजिनावर चालावे. डिझेल बरेच वाचते आणि वेग त्या मानाने थोडाच कमी होतो.

3. नांगर

मरिनातले भाडे वाचवायचे असेल तर वर्षातल्या बहुतेक रात्री नांगरावर जातात, आणि झोप लागणार की नाही हे नांगर कसा बसला आहे यावरच ठरते. म्हणून बाकी काही घाईत शिकले तरी चालेल, हे सावकाश शिकावे.

प्रथम साखळी किती सोडायची ते मोजून ठरवावे. समजा खोलीमापकावर पाण्याची खोली 5 मीटर दिसते आहे, भरतीला पाणी आणखी 1 मीटर चढणार आहे आणि साखळी जेथून बाहेर पडते ती नाळ पाण्यापासून दीड मीटर उंच आहे. तर एकूण साडेसात मीटर झाले. सर्वसाधारण हवेत याच्या पाचपट, म्हणजे सुमारे 38 मीटर साखळी सोडावी, आणि वारा वाढणार असेल व मागे जागा असेल तर सातपट, म्हणजे 53 मीटरच्या आसपास. नवखे लोक नाळेची उंची आणि भरती हमखास विसरतात आणि पहाटे पाणी चढले की नांगर सुटतो. खोलीमापक पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजतो आहे की हलच्या तळापासून, हेही आधी पाहून घ्यावे.

जागा वाळूची निवडावी. वरून पाहिल्यास वाळू फिकट दिसते, समुद्रगवत आणि खडक गडद. गवतावर नांगर नीट रुतत नाही आणि प्रवाळावर टाकलेली साखळी प्रवाळ चिरडते. अनेक देशांत दोन्हींवर नांगर टाकण्यास बंदीही आहे. वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू पुढे जावे, नौका पूर्ण थांबू द्यावी आणि ती मागे सरकू लागली की नांगर तळापर्यंत सोडावा. त्यानंतर नौका जशी मागे जाईल तशी साखळी देत जावे. सगळी एकदम सोडली तर तिचा नांगरावरच ढीग होतो.

यानंतर ब्राइडल लावावा. हा दोन दोरांचा इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा जोड असतो. त्याचे एकेक टोक एकेका हलच्या नाळेला बांधलेले असते आणि मधला आकडा किंवा दोराचा फास साखळीत अडकवला जातो. तो अडकवल्यावर आणखी काही मीटर साखळी सोडावी, म्हणजे ताण साखळी ओढणाऱ्या यंत्रावर न राहता दोरांवर येतो, दोर थोडे ताणले जाऊन झटके शोषतात आणि नौका वाऱ्यात इकडेतिकडे भरकटत नाही. ब्राइडलशिवाय रात्र काढणारी कॅटामरान अर्धवर्तुळात फिरत राहते आणि साखळीचा खडखडाट थेट पुढच्या केबिनमध्ये ऐकू येतो.

शेवटी नांगर खरोखर रुतला आहे का, हे तपासावे. दोन्ही इंजिने उलट्या गिअरमध्ये टाकून फेरे हळूहळू वाढवत न्यावेत आणि अर्धा मिनिट तसेच ठेवावे. किनाऱ्यावरची एकामागे एक असलेली दोन ठिकाणे, समजा एक झाड आणि त्यामागचा खांब, नजरेसमोर धरावीत. ती एका रेषेतून सरकू लागली तर नांगर घसरतो आहे. याच वेळी दुसऱ्या माणसाने नाळेवर बसून ब्राइडलच्या पुढच्या ताठ साखळीवर तळवा टेकवावा. घसरणारा नांगर तळावरून जाताना साखळीत बारीक, सलग थरथर येते. रुतलेल्या नांगराची साखळी एकदा घट्ट ताणते आणि स्थिर होते. हा फरक हाताला एकदा कळला की पुढे कधी विसरत नाही. पाणी स्वच्छ असेल तर मास्क लावून नांगर डोळ्यांनी पाहून यावे. मग मोबाइलवर किंवा चार्टप्लॉटरवर (सागरी नकाशा दाखवणाऱ्या यंत्रावर) नौका सरकली की वाजणारा नांगराचा अलार्म लावावा आणि त्याचा मध्यबिंदू नौका जेथे आहे तेथे न धरता नांगर जेथे पडला तेथे धरावा. सूर्यास्ताला सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा लावणे आंतरराष्ट्रीय नियमांनुसार बंधनकारक आहे.

शेजाऱ्यांचा प्रश्न यानंतर येतो. खोल कील, म्हणजे तळाखाली उतरलेला पंखा, असलेल्या नौका प्रवाहाच्या दिशेने वळतात आणि उथळ कॅटामरान वाऱ्याच्या, त्यामुळे वारा आणि प्रवाह उलटसुलट झाले की सकाळी पुरेसे वाटलेले अंतर संध्याकाळी उरत नाही. उशिरा आलेला कोणी आपल्या साखळीवरच नांगर टाकून जातो, हाही नेहमीचा अनुभव आहे. जो आधी आला त्याचा हक्क पहिला, हा संकेत सर्वमान्य असला तरी रात्री दोन वाजता संकेतावरून भांडण्यापेक्षा उजेड असतानाच शांतपणे आपल्या साखळीची लांबी सांगावी, आणि तरी समोरचा हलला नाही तर आपण हलावे. त्रास आपल्याला होतो हे खरे, पण झोप आणि नौकाही आपलीच असते.

4. वीज

वीजवापराचा हिशेब दिवसाच्या अँपिअर-तासांत करावा. 12 व्होल्टच्या नौकेवर फ्रिज आणि फ्रीझर मिळून उष्ण प्रदेशात दिवसाला सुमारे 100 अँपिअर-तास खातात, आणि चालू प्रवासात ऑटोपायलट जवळजवळ तितकेच. एकूण 1000 वॉटची सौर तावदाने स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 300 अँपिअर-तास देतात. ढगाळ दिवशी निम्मेही नाही. तावदानाच्या एका कोपऱ्यावर पडलेली डोलकाठीची किंवा बूमची (मुख्य शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याची) सावलीसुद्धा उत्पादन बरेच घटवते, म्हणून नांगरावर असताना बूम दोर लावून एका बाजूला ओढून ठेवावा. या एका गोष्टीने नवीन तावदान घेण्याचा खर्च कित्येकदा टळतो.

शिसे-आम्लाच्या बॅटरीतील निम्मीच साठवण वापरता येते आणि शेवटचा भाग भरायला तासन्‌तास लागतात; ती सतत अर्धवट भरलेली राहिली तर लवकर मरते. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या बॅटरीला हे दोन्ही दोष नाहीत, मात्र ती इंजिनावरच्या अल्टरनेटरकडून इतका प्रवाह खेचते की योग्य नियंत्रक नसेल तर तो तापून जळतो. बॅटरी बदलायची असल्यास अल्टरनेटर आणि त्याचा नियंत्रक यांचा विचार त्याच वेळी करावा.

5. पाणी

काटकसरीने माणशी दिवसाला 10 ते 15 लिटर गोडे पाणी पुरते. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी गोड्या पाण्याने विसळावीत, आंघोळ मागच्या पायऱ्यांवर करावी. समुद्राच्या पाण्याचे गोडे पाणी करणारा वॉटरमेकर असेल तर ही काटकसर सैल होते, पण एक यंत्र वाढते. तो खारे पाणी सुमारे 55 बार दाबाने पडद्यातून ढकलतो. या पडद्याचे दोन शत्रू आहेत: तेल आणि क्लोरीन. त्यामुळे बंदरात किंवा गढूळ खाडीत तो चालवू नये, आणि किनाऱ्यावरून भरलेल्या नळाच्या पाण्याने तो धुवायचा असेल तर ते पाणी कार्बन फिल्टरमधूनच जाऊ द्यावे. वापर नसला तरी आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवावा. पाणी दोन वेगळ्या टाक्यांत ठेवावे आणि वॉटरमेकरवर विसंबून लांबच्या टप्प्यावर टाक्या अर्ध्या ठेवून कधीही निघू नये.

6. शौचालय

या विषयावर नौका विकणारे फारसे बोलत नाहीत आणि नौकेवर राहणारे दुसरे फारसे काही बोलत नाहीत. समुद्राच्या पाण्याने फ्लश होणाऱ्या शौचालयात मूत्र आणि खारे पाणी यांच्या संयोगाने पाइपांच्या आत चुन्यासारखा खर जमतो, जसा पाणी तापवण्याच्या भांड्यात जमतो तसा, आणि 38 मिलिमीटरचा पाइप हळूहळू अर्ध्यावर येतो. मग एके दिवशी हँडल जड लागते, आणि त्या दिवशी हमखास पाहुणे असतात.

प्रतिबंध सोपा आहे. शरीरातून आलेले आणि थोडा टॉयलेट पेपर यांखेरीज काहीही आत जाऊ देऊ नये. अनेक जण कागदसुद्धा वेगळ्या डब्यात टाकतात. प्रत्येक वेळी पाइपच्या पूर्ण लांबीतून मैला पुढे जाईल इतके फ्लश करावे, आठवड्यातून एकदा व्हिनेगर घालून रात्रभर राहू द्यावे, आणि शक्य असेल तर गोड्या पाण्याच्या फ्लशवर जावे. पंपानंतर जोकर व्हॉल्व्ह नावाची पक्ष्याच्या चोचीसारखी चिरलेली एक रबरी झडप असते. ती कडक झाली की गेलेले पाणी परत भांड्यात येऊ लागते. ती दरवर्षी बदलावी आणि दोन तरी जवळ बाळगाव्यात.

इतके करूनही तुंबलेच, तर काम असे करावे. समुद्राकडची झडप बंद करावी आणि ती बंद असल्याची दुसऱ्या माणसाकडून खात्री करून घ्यावी. हातमोजे घालावेत, पाइपाखाली पसरट टोपले आणि जुने टॉवेल ठेवावेत. क्लॅम्प सैल करून पाइप लगेच ओढू नये; आधी त्याच्या तोंडावर कोमट पाणी ओतून रबर मऊ करावे, नाहीतर पाइप अचानक सुटतो आणि पुढचे वर्णन नको. काढलेला पाइप बाहेर नेऊन धक्क्यावर किंवा दगडावर सगळ्या बाजूंनी आपटावा. आतला खर तुकड्यातुकड्याने गळून पडतो. तो पुन्हा बसवताना प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प लावावेत. मैलाटाकीची हवा जाण्याची नळीसुद्धा याच वेळी पाहावी, कारण ती बुजली तर टाकीत दाब साठतो. मैला कोठे सोडता येतो आणि कोठे नाही याचे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत. किनाऱ्याजवळ आणि बंदिस्त उपसागरात तो टाकीतच ठेवावा.

भाड्याने देण्यासाठी बांधलेल्या नौकांवर चार-चार शौचालये असतात. दोघांच्या कुटुंबाने त्यांतली दोन रिकामी करून, झडपा बंद करून, तेथे सामान ठेवावे. न वापरलेले शौचालय वापरलेल्यापेक्षा लवकर बिघडते.

7. शीड कधी लहान करायचे

आता सुरुवातीच्या मुद्द्याकडे. एका हलची नौका वाऱ्याच्या झोताचा जोर कलून सोडून देते. कॅटामरान कलत नसल्यामुळे तो सगळा जोर डोलकाठी, तारा आणि शिडांवर जातो. शिवाय वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे 20 नॉटचा (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) वारा 10 नॉटच्या वाऱ्याच्या दुप्पट नव्हे, चौपट जोर लावतो. प्रत्येक निर्माता कोणत्या वाऱ्याला किती शीड ठेवायचे याचा तक्ता देतो. बहुतेक प्रवासी नौकांवर पहिला रीफ, म्हणजे शीड पहिल्यांदा लहान करणे, 18 ते 20 नॉटला आणि दुसरा 25 च्या आसपास येतो. आपल्या नौकेचा तक्ता सुकाणूजवळ चिकटवावा आणि "अजून छान चालली आहे" या भावनेला त्यात स्थान देऊ नये. रात्री एक रीफ आगाऊच घ्यावा.

वारा मागून असताना फसगत सर्वांत जास्त होते. खरा वारा 22 नॉट आहे आणि नौका 8 नॉटने त्याच दिशेने चालली आहे. डेकवर वारा फक्त 14 नॉट जाणवतो आणि सगळे खुशीत असतात. एखादे जहाज चुकवण्यासाठी किंवा शीड उतरवण्यासाठी नौका वाऱ्याकडे वळवावी लागली की जाणवणारा वारा 26 नॉटच्या आसपास जातो आणि जोर जवळजवळ साडेतीनपट होतो. म्हणून मागून वारा असताना यंत्रावर खऱ्या वाऱ्याचा आकडाच समोर ठेवावा.

काही गोष्टी आधी माहीत असल्या तर घाबरगुंडी उडत नाही. जोराच्या वाऱ्यात आडोशाच्या बाजूची डोलकाठीची तार सैल पडते. बेताची सैल असणे कॅटामरानवर स्वाभाविक आहे. बाजूच्या तारा मागे झुकलेल्या असल्यामुळे मुख्य शीड पूर्ण बाहेर सोडता येत नाही, ते तारांवर घासते. त्यामुळे थेट वाऱ्यासोबत जाण्याऐवजी तीस-चाळीस अंश तिरके जाऊन मग बाजू बदलणे बरे पडते. वाऱ्याकडे जाताना कॅटामरान एका हलच्या नौकेइतकी वाऱ्याच्या दिशेला धरून जात नाही, आणि बाजू बदलताना मध्येच अडकण्याची सवयही तिला असते. वळण्याआधी पुरेसा वेग घ्यावा आणि पुढचे शीड क्षणभर उलट्या बाजूला धरून नाळ फिरवून घ्यावी.

उलटलेली कॅटामरान आपण होऊन सरळ होत नाही, ती उलटीच तरंगत राहते. मोठ्या प्रवासी नौकांच्या बाबतीत असे क्वचितच घडते, तरी तयारी असावी: जीवरक्षक तराफा नौका उलटी असतानाही हाती येईल अशा जागी बसवलेला असावा आणि 406 मेगाहर्ट्‌झवर संकटाचा संदेश देणारा ईपर्ब हा रेडिओ-संच आपल्या नौकेच्या नावाने नोंदवलेला असावा. हलच्या आतल्या बाजूला पाण्याजवळ असलेली सुटकेची खिडकी चालू प्रवासात कधीही उघडू नये.

8. सुटे भाग

परदेशी बंदरात एखादा भाग मागवणे म्हणजे भागाच्या किमतीपेक्षा वाहतूक, जकात आणि थांबण्याचा काळ यांचाच खर्च जास्त. प्रवासी नौकांसाठी आलेल्या सुट्या भागांना अनेक देशांत जकात माफ असते. मात्र पार्सलवर नौकेचे नाव आणि "प्रवासातील नौकेसाठी" अशा अर्थाचा मजकूर स्थानिक पद्धतीने लिहिलेला लागतो, तो आधी विचारून घ्यावा. इम्पेलर, फिल्टर, पट्टे, पाण्याचा एक पंप, शौचालयाचा दुरुस्ती-संच, डिंगीच्या आउटबोर्ड इंजिनाची तुटणारी पिन आणि स्पार्क प्लग नेहमी जवळ असावेत. प्रत्येक भागाचा क्रमांक आणि कप्पा वहीत लिहावा. भाग आहे पण सापडत नाही, ही तक्रार भाग नसण्यापेक्षा जास्त चिडचिड करवते.

9. ऋतू आणि कागदपत्रे

वादळांचा मोसम प्रवासाचे वेळापत्रक ठरवतो: अटलांटिकमध्ये 1 जून ते 30 नोव्हेंबर, दक्षिण प्रशांत महासागरात नोव्हेंबर ते एप्रिल. विमा कंपन्या या काळात कोणत्या अक्षांशांपलीकडे राहावे हे करारात लिहितात, आणि तो परिच्छेद सही करण्याआधी वाचावा. नव्या देशात शिरताना पिवळा क्यू ध्वज लावायचा, आधीच्या बंदराचा निर्गमन-दाखला, नौकेची नोंदणी, विमा, पारपत्रे आणि खलाशांची यादी घेऊन हजर व्हायचे. यादीच्या भरपूर प्रती ठेवाव्यात. माणसांची मुदत आणि नौकेची मुदत वेगवेगळी असते: युरोपातल्या शेंगेन क्षेत्रात व्हिसामुक्त किंवा अल्पमुदतीच्या व्हिसावरील प्रवाशाला 180 पैकी 90 दिवस राहता येते, तर युरोपीय संघाबाहेरील मालकाची नौका सर्वसाधारणपणे 18 महिने करमुक्त राहू शकते. न्यूझीलंडमध्ये 2018 पासून हलचा तळ जीववाढीपासून स्वच्छ असणे बंधनकारक आहे, आणि तेथे व ऑस्ट्रेलियात ताजी फळे, भाज्या व मांस अधिकारी काढून घेतात. पोहोचेपर्यंत ते संपेल इतकेच घ्यावे. कचऱ्यातील प्लास्टिक समुद्रात कोठेही टाकण्यास समुद्रप्रदूषण रोखणाऱ्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय करारानुसार मनाई आहे आणि ती लहान नौकांनाही लागू आहे.

पाहुण्यांना एक तर ठिकाण सांगावे किंवा तारीख. दोन्ही सांगू नये. विमान चुकू नये म्हणून नको त्या हवेत निघण्याने अनेकांचे नुकसान झाले आहे.

10. सोबतीची माणसे

दोघेच असल्यास एकाने सगळे जाणायचे आणि दुसऱ्याने दोर धरायचे, अशी वाटणी होऊ देऊ नये. नौका थांबवणे, शीड उतरवणे, रेडिओवर चॅनेल 16 वरून मदत मागणे आणि पाण्यात पडलेल्या माणसाकडे परतणे या चार गोष्टी प्रत्येकाला एकट्याने जमल्या पाहिजेत. नाळेवरचा माणूस आणि सुकाणूवरचा माणूस यांच्यात हातवाऱ्यांची भाषा ठरवावी. वाऱ्यात ओरडून दिलेली सूचना ऐकू येत नाही, फक्त ओरडणे ऐकू येते, आणि संसारातली अर्धी भांडणे तेथून सुरू होतात.

11. पहिला लांब टप्पा

पहिला टप्पा एका रात्रीचा ठेवावा आणि वेळ उलटीकडून मोजावी. 150 सागरी मैल 6 नॉटने गेल्यास 25 तास लागतात; दुपारी बाराला निघाल्यास दुसऱ्या दिवशी एकच्या सुमारास उजेडात पोहोचता येते. कॅटामरान अनुकूल वाऱ्यात 8 नॉटनेही जाते आणि मग तेच अंतर 19 तासांत संपून सकाळी सातला पोहोचते, तेही चालते. पण 200 मैलांच्या टप्प्यावर हाच फरक सकाळऐवजी मध्यरात्र आणू शकतो, म्हणून दोन्ही वेगांनी गणित करावे. जीएफएस आणि ईसीएमडब्ल्यूएफ या दोन्ही हवामान-प्रारूपांचे अंदाज पाहावेत, आणि त्यांच्यात मोठी तफावत असेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे.

मळमळ थांबवणारी गोळी निघण्याआधी घ्यावी, निघाल्यावर नव्हे. कॅटामरान कलत नसली तरी तिची हालचाल आखूड आणि झटक्यांची असते आणि एका हलच्या नौकेवर कधीच मळमळ न झालेल्यांनाही येथे ती होते. जेवण आधी शिजवून ठेवावे. पुढच्या केबिनमध्ये पाण्याचा आवाज फार येत असल्यामुळे झोपण्याची सोय मागच्या केबिनमध्ये किंवा सलूनमध्ये, म्हणजे मधल्या बैठकीच्या खोलीत, करावी. पहारा तीन-तीन तासांचा असावा. एआयएस (जहाजे आपले स्थान रेडिओवरून कळवतात ती यंत्रणा) आणि रडार असले तरी नजरेने आणि कानाने सतत टेहळणी ठेवणे समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या आंतरराष्ट्रीय नियमांतील नियम 5 नुसार बंधनकारक आहे, आणि मासेमारीच्या कित्येक लहान होड्या एआयएसवर दिसतच नाहीत. पहाऱ्यावरच्याने लाइफजॅकेट आणि कमरेचा दोर लावूनच बसावे आणि दुसऱ्याला उठवल्याशिवाय पुढच्या जाळीवर किंवा डोलकाठीकडे जाऊ नये. दर तासाला स्थान, वेग, खरा वारा, वायुदाब आणि बॅटरीची पातळी वहीत लिहावी. दोन्ही बाजूंच्या बिल्जमध्ये, म्हणजे हलच्या अगदी तळच्या पोकळीत, पाणी आले आहे का, हेही त्याच वेळी पाहावे, कारण दोन हल असल्यामुळे एका बाजूला झालेली गळती दुसऱ्या बाजूला झोपलेल्याला कळत नाही.

अंदाज चुकून रात्रीच पोहोचण्याची वेळ आली, तर अनोळखी खाडीत शिरू नये. किनाऱ्यापासून पाच-सहा मैल दूर असतानाच शीड आणखी लहान करून वेग दोन-तीन नॉटवर आणावा, पहाऱ्याची पाळी आहे तशीच चालू ठेवावी आणि सूर्य पुरेसा वर येऊन पाण्याखालची वाळू आणि खडक वेगळे दिसू लागल्यावर आत जावे.